अर्धवट शिकलेली घोडी विकताना

प्रश्न: माझी घोडी पाच वर्षांची आहे. साडेतीन वर्षांची असताना घेतली, चौथ्या वर्षी एका चाबूकस्वाराने तिला खोगिराची आणि स्वाराची सवय लावली. साध्या चालीत आणि दुडकीत ती छान चालते. डाव्या हाताला, म्हणजे डावीकडे वळत, कँटरही (दुडकीपुढची वेगवान चाल) करते, पण उजव्या हाताला घ्यायला गेलं की पाठ उचलते आणि दुगाण्या झाडते. त्यात मी दोनदा पडले. एकटीला बाहेर काढली की ठराविक अंतरावर थांबते, पुढे जातच नाही. तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) आवळताना कान मागे टाकते, पण ती तिची पहिल्यापासूनची सवय आहे. कंबरेच्या दुखण्यामुळे गेले पाच महिने मी तिच्यावर बसलेले नाही आणि यापुढे तरुण घोड्यावर बसू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय. विकायचं ठरलं आहे. एक ओळखीचे म्हणतात, पंधरा दिवस कुणाकडून तरी फिरवून घ्या आणि ‘तयार घोडी’ म्हणून विका. दुसरे म्हणतात, आहे तशी विका, घेणारा बघून घेईल, आपण काही बोलायचं नाही. मी काय करू?

उत्तर: हे दोन्ही सल्ले घेऊ नका. पंधरा दिवसांत कसलेला स्वार तिच्याकडून उजवा कँटर काढून घेईलही. पण घोडा एखादी गोष्ट करतो आणि ती त्याला येते, यात फरक आहे. चांगल्या स्वाराच्या मांडीखाली, ओळखीच्या रिंगणात, रोजच्या कामाने थकलेली घोडी जे करते ते ती नव्या जागी, नव्या माणसाखाली, आठवडाभर विश्रांती घेतल्यावर करेलच असं नाही. बहुतेकदा नाहीच करत. मग घेणारा पडतो आणि घोडीवर ‘खोडकर’ असा शिक्का बसतो. असा शिक्का बसलेली घोडी पुढे हातोहात विकली जाते आणि प्रत्येक हात आधीच्यापेक्षा कडक असतो. गप्प राहून विकलं तरी हेच होतं.

तुम्ही कच्ची घोडी विकत आहात. कच्ची घोडी विकणं यात कमीपणा काही नाही. अशाच घोड्याच्या शोधात असलेली, त्याला पुढे शिकवायची हौस आणि हातोटी असलेली माणसं असतात. त्यांना हवी असते ती खरी माहिती: हिला काय येतं, काय येत नाही, आणि जे येत नाही ते का येत नाही. यातल्या ‘का’चं उत्तर आज तुमच्याकडेही नाही. सुरुवात तिथून करू.

तंगाबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय. पण घोडं पेंड खातंय ते बहुधा तिथेच. तंग आवळताना कान मागे टाकणं, पोट आत घेणं, मान वळवून चावायला बघणं ही ‘सवय’ असू शकते, पण सवय लागते कशामुळे? एकदा तरी तिथे दुखलेलं असतं. त्यात उजव्या कँटरला पाठ उचलणं जोडून बघा. उजवा कँटर सुरू होतो तो डाव्या मागच्या पायाने. आधी तो पाय जमिनीवर येऊन सगळं वजन उचलतो, मग उजवा मागचा आणि डावा पुढचा एकत्र, आणि शेवटी उजवा पुढचा. म्हणजे डाव्या मागच्या पायात, त्याच्या गुडघ्यात किंवा घोट्याच्या मोठ्या सांध्यात, पुठ्ठ्यात किंवा कंबरेत काही सलत असेल तर ते नेमकं उजव्या कँटरची पहिली ढांग टाकताना उमटतं. तसंच असेल असं नाही. माणसासारखे घोडेही एका बाजूला जास्त सरावलेले असतात आणि तरुण घोड्याला एका हाताचा कँटर अवघड जाणं नेहमीचं आहे. पण अवघड जाणारा घोडा सहसा चुकीच्या पायावर कँटर धरतो किंवा दुडकीच जोरात करत राहतो. दर वेळी दुगाण्या झाडणं ही निराळी गोष्ट आहे.

म्हणून जाहिरातीआधी पशुवैद्याला बोलवा, शक्यतो घोड्यांचंच काम करणाऱ्याला. नुसतं ‘तपासा’ म्हणू नका. वर लिहिलेलं सगळं सांगा आणि डावा मागचा पाय, पाठ, कंबर आणि तोंड नीट बघायला सांगा. कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकीने पळवणं, मग लहान गोलात दोन्ही हातांना पळवणं, सांधा साधारण मिनिटभर दुमडून धरून लगेच पळवणं, एवढं तरी व्हायला हवं. दातांबद्दल विशेष सांगतो. अडीच ते पाच या वयात घोड्याचे दुधाचे दात पडून नवे येत असतात. दाढांवरच्या दुधाच्या टोप्या साधारण अडीच, तीन आणि चार वर्षांच्या सुमारास सुटतात, कडेचे पुढचे दात साडेचारच्या सुमारास बदलतात. म्हणजे तुमची घोडी लगाम शिकत होती तेव्हा तिचं तोंड बदलत होतं. पहिल्या दाढेच्या पुढे बारीक लांडगेदात राहिला असेल तर बिट (लगामाची तोंडातली कडी) त्यावर आपटतं आणि लगाम धरला की घोडा डोकं झटकतो. याने दुगाण्यांचं कोडं सुटेलच असं नाही, पण तोंड तपासलेलं असणं घेणाऱ्यालाही हवं असतं.

पोटाचंही विचारा. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं चालू असो वा नसो. दिवसातून दोनदाच चारा आणि मधे तासन्‌तास रिकामं पोट, त्यावर दाण्याचा मारा असेल तर जठराला व्रण होतात, आणि तंगाला चिडणं हे त्याचं एक ओळखीचं लक्षण. खात्री करायला दुर्बीण घालून बघावं लागतं. तोवर एवढं करा: खोगीर घालण्याआधी तिला थोडा चारा खाऊ द्या, आणि दिवसभरात वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा पोटात जातोय का ते बघा.

खोगीर तुम्ही स्वतः तपासू शकता. खालची गादी न घालता नुसतं खोगीर पाठीवर ठेवा. मानेच्या बुडाशी खांद्यावर जो उंचवटा असतो, त्याच्या आणि खोगिराच्या कमानीच्या मधे दोन-तीन बोटं जायला हवीत, आणि स्वार बसल्यावरही तिथे मोकळी जागा राहायला हवी. खांद्याचं हाड मोकळं फिरायला हवं, खोगीर त्यावर चढता कामा नये. मागची कड शेवटच्या बरगडीच्या पुढेच संपायला हवी, त्यामागे कंबरेवर भार पेलणारं काही नाही. हात खोगिराखालून पुढून मागे सरकवा. मधेच पोकळी लागली तर सगळा भार चार कोपऱ्यांवर येतोय. घाम आल्यावर खोगीर उतरवून बघा: सगळीकडे ओल आणि मधे तळहाताएवढा कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब जास्त आहे किंवा खोगीर टेकतच नाही. पाठीवर पांढरे केस उगवले असतील तर तो जुना पुरावा. आणि हे लक्षात घ्या की साडेतीन वर्षांच्या घोडीला बसलेलं खोगीर पाच वर्षांच्या घोडीला बसत नाही. ती भरते, रुंद होते. पाच महिने काम नसल्याने पाठीचे स्नायू उतरले असतील ते वेगळंच.

वजनाचाही हिशेब करा, कारण तो पुढे घेणाऱ्यालाही सांगायचा आहे. कोपराच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,877, म्हणजे अंदाजे वजन किलोत. घेर 170 आणि लांबी 150 असेल तर वजन 365 किलोच्या आसपास. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांवर जाऊ नये असं साधारण मानतात. ते इथे 73 किलो होतात. काम सुटलेल्या तरुण घोडीला मी 15 टक्क्यांच्या पुढे जाऊ देणार नाही, म्हणजे खोगिरासकट 55. पाठीच्या मणक्यांची वाढ सगळ्यात उशिरा, पाच वर्षांनंतरही, पुरी होत असते. त्यामुळे हा आकडा ताणू नका.

तपासणीत काही सापडलं तर पुढचं सगळं बदलतं. खोगीर, दात, पोट यांवर इलाज आहे. तो करा, दोन-तीन महिने थांबा, मग पुन्हा स्वाराखाली बघा. पाठीत किंवा सांध्यात कायमचं काही निघालं तर ती स्वारीची घोडी म्हणून विकायची नाही, एवढं स्पष्ट आहे. कमी कामासाठी, सोबतीला किंवा पशुवैद्याने हरकत घेतली नाही तर पैदाशीसाठी, कागद हातात ठेवून आणि सगळं सांगून देता येईल. तो व्यवहार निराळा.

काहीच सापडलं नाही, तर उरतं ते शिक्षण. इथे दोन गोष्टी एकमेकांत मिसळल्या आहेत: न शिकवलेलं आणि चुकीचं शिकलेलं. उजवा कँटर तिला कुणी नीट शिकवलाच नाही, हे पहिलं. पण त्या कँटरला पाठ उचलली, स्वार खाली आला आणि काम थांबलं, हे दोनदा घडलं. हे ती शिकली. बाहेर एकटी असताना थांबली आणि तुम्ही वळवून घरी आणलंत, हेही ती शिकली. दाब दिल्याने घोडा शिकत नाही, दाब कोणत्या क्षणी सुटला त्यावरून शिकतो. टाच दिली, घोडी एक पाऊल पुढे गेली आणि टाच त्याच क्षणी थांबली, तर पुढे जाणं हे उत्तर आहे असं तिला कळतं. टाच देऊन देऊन आपण दमलो आणि ती उभी असतानाच थांबलो, तर उभं राहणं हे उत्तर ठरतं. यात तुमची चूक काढायची नाही. तरुण घोड्यावर, पडण्याच्या भीतीत, बहुतेकांकडून हेच होतं. पण घेणाऱ्याला सांगताना ‘अडते’ एवढंच न म्हणता ‘एकटीला साधारण इतक्या अंतरावर थांबते, सोबत दुसरा घोडा असला तर जाते’ असं सांगितलंत, तर जाणकार माणूस लगेच ओळखतो की हे सुधारण्यासारखं आहे. सोबतीला घोडा असला तर जाते का, हे तुम्हालाच अजून माहीत नसेल तर विकण्याआधी बघून घ्या. दुसऱ्या कुणाला तिच्या शेजारून घोड्यावर जाऊ द्या आणि घोडीला हातात धरून चालवा.

घोडी आहे म्हणून आणखी एक. माजाचं चक्र साधारण 21 दिवसांचं असतं, त्यातले पाच-सात दिवस ती माजावर असते. वहीत तारखा लिहा. तिचा चिडकेपणा त्याच दिवसांत येतो का ते दोन चक्रांत कळेल. गाभण नाही याचीही तपासणी एकदा करून टाका, घेणारा विचारतोच.

आता मूळ प्रश्न. आणखी शिकवून विकायची की आताच? हिशेब मांडा. शिकवण्याचे दिवस गुणिले रोजचा खाणं-राहण्याचा खर्च, अधिक चाबूकस्वाराची फी, अधिक दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, अधिक या काळात काही दुखापत झाली तर तो धोका. दुसऱ्या बाजूला, तुमच्या घोडीच्या जातीचा, वयाचा, उंचीचा कच्चा घोडा आणि तिन्ही चालींत नीट चालणारा घोडा यांच्या किमतीतला फरक. तुम्ही आजवर तिच्यावर काय खर्च केलात ते या हिशेबात धरू नका, घेणारा तो भरून देणार नाही. फरक खर्चाच्या दीडपट तरी नसेल तर आताच विका. माझा कल तिकडेच आहे, एका अटीवर: तपासणी स्वच्छ आली पाहिजे आणि पुढचे सहा-आठ आठवडे तुम्ही तिचं जमिनीवरचं वागणं पक्कं केलं पाहिजे.

कारण कच्च्या घोड्याचा घेणारा कँटर बघायला येत नाही, तो डोकं बघायला येतो. मोकळ्या जागेत पकडायला गेल्यावर येते का, मोरखी घालताना डोकं खाली देते का, बांधल्यावर शांत उभी राहते का, चारही पाय उचलून मिनिटभर देते का, गाडीत चढते का. हे सगळं पाठीवर न बसता करता येतं, म्हणजे तुमच्या कंबरेसकट तुम्हीही करू शकता. रोज 20 ते 30 मिनिटं पुरतात, आठवड्यातून पाच दिवस. हातात धरून चालणं, थांबणं, चार पावलं मागे सरकणं, मागचा भाग बाजूला हलवणं. शेजारी चालताना ती तुमच्या खांद्याच्या पुढे गेली की थांबा, दोन पावलं मागे घ्या, पुन्हा चाला, रागावण्याची गरज नाही. गाडीत चढवण्याचा सराव जायच्या दिवसावर ठेवू नका. पहिल्या दिवशी फळीवर दोन पाय ठेवले तरी पुरे, तिथूनच शांतपणे मागे घ्या.

लांब दोरीवर गोल फिरवणं, म्हणजे लंजिंग, तेही चालू करा, पण मोजून. गोल 15 ते 20 मीटर व्यासाचा, त्याहून लहान गोलात तरुण पायांवर आडवा ताण येतो. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, पुढे वीसच्या वर नको, दर चार-पाच मिनिटांनी हात, म्हणजे फिरण्याची दिशा, बदलायचा. उजव्या हाताला कँटर इथेच, पाठ मोकळी असताना बघा. स्वार नाही, खोगीर नाही, तरी पाठ उचलते? मग दुखणं पुन्हा शोधा. मोकळी असताना सहज घेते, खोगीर घातलं की उसळते? खोगीर आणि तंग. खोगिरासकट नीट, फक्त स्वाराखाली उसळते? मग तोल, स्वाराची मांड आणि जुनी आठवण. या तीन पायऱ्यांचं उत्तर पंधरा दिवसांत मिळतं. ते लिहून ठेवा, घेणाऱ्याला तुम्ही देऊ शकाल अशी सगळ्यात मोलाची माहिती हीच.

पाठीवर बसायला मात्र दुसऱ्याला सांगा. हलक्या वजनाचा, पक्क्या मांडीचा, तरुण घोड्यांची सवय असलेला. पाच महिन्यांच्या विश्रांतीनंतर पहिले दोन-तीन आठवडे फक्त चाल, मग दुडकीचे लहान तुकडे. स्नायू लवकर परततात, हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) मागे राहतात, आणि घोडी ताजीतवानी दिसते म्हणून घाई केली की नेमकं त्याच वेळी पाय सुजतात. चढताना ती हलत असेल तर पहिला धडा तोच: रिकिबीत पाय, हलली की खाली, उभी राहिली की चढायचं, चढल्यावर दहा मोजेपर्यंत तिथेच. स्वाराखालच्या उजव्या कँटरला या काळात हात लावू नका. अर्धवट सुधारलेली गोष्ट विकण्यापेक्षा न छेडलेली गोष्ट विकलेली बरी.

तरीही चाबूकस्वाराकडे ठेवायचीच झाली, तर 60 ते 90 दिवसांपेक्षा कमीचा विचार करू नका. आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं आणि स्वतः तो बसणार की हाताखालचा मुलगा, हे आधी विचारा. दर आठवड्याला न कापलेला व्हिडिओ मागा. शेवटच्या दोन आठवड्यांत दुसरा, थोडा कमी कसलेला स्वार तिच्यावर बसलाच पाहिजे, नाहीतर ती त्या एका माणसाची घोडी होते. लगामाला आणखी दोऱ्या बांधून डोकं खाली आणलेलं दिसलं किंवा कडक बिट घातलेलं दिसलं तर घोडी परत आणा.

जाहिरातीत ‘गरीब स्वभाव, कुणीही बसावं, वाऱ्यासारखी’ ही खोगीरभरती नको. असं काहीतरी लिहा:

“घोडी, वय 5 वर्षं, उंची 146 सें.मी., वजन अंदाजे 365 किलो. चौथ्या वर्षी स्वाराची सवय लावली, नंतर हलकं काम, गेले पाच महिने विश्रांती, आता सहा आठवडे पुन्हा काम सुरू. चाल आणि दुडकी दोन्ही हातांना शांत. डावा कँटर करते. उजव्या कँटरला स्वाराखाली पाठ उचलते, त्यात स्वार दोनदा पडला आहे. एकटी बाहेर जायला अडते, सोबत असली की जाते. पकडायला, बांधायला, पाय द्यायला, नाल ठोकायला चांगली. पशुवैद्याची तपासणी झाली आहे, अहवाल दाखवू. तरुण घोड्यांचा अनुभव असलेल्या स्वारालाच द्यायची आहे. नवशिक्या किंवा लहान मुलांसाठी नाही.”

तुमचे आकडे आणि तपासणीतून निघालेलं खरं त्यात घाला. सोबत जाते, नाल ठोकताना शांत असते, अशा ओळी खऱ्या असतील तरच ठेवा. स्वार पडला हे वाचून काही लोक फोनच करणार नाहीत. ते तुमचे गिऱ्हाईक नव्हतेच.

व्हिडिओ पाच-सहा मिनिटांचा, न कापता: पकडण्यापासून, मोरखी, खरारा, पाय उचलणं, तंग आवळणं, तिचे कान दिसतील असं. मग चढणं, चाल, दुडकी, दोन्ही हातांना. बाजूने, पुढून आणि मागून प्रत्येकी एकदा सरळ रेषेत चालवून दाखवा म्हणजे पाय दिसतात. चारही बाजूंनी, मोकळ्या सपाट जमिनीवर उभी असलेली छायाचित्रं.

फोन आला की आधी तुम्ही प्रश्न विचारा. बसणार कोण, वजन किती, यापूर्वी किती कच्चे घोडे हाताळलेत, शिकवणारं कुणी सोबत आहे का, घोडी राहणार कुठे आणि एकटी की इतरांबरोबर. ‘मुलगी शिकतेय, दोघी मिळून शिकतील’ असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा, कितीही चांगली माणसं असली तरी. एक शिकणारा असला की दुसरा शिकलेला लागतो. न बघता पैसे पाठवायला तयार असलेल्यालाही नाही म्हणा.

बघायला येणार त्या दिवशी तिला नेहमीसारखंच ठेवा. सकाळी तासभर पळवून दमवू नका, दाणा बंद करू नका, आणि शांत करणारं औषध तर मुळीच नको. ती निव्वळ फसवणूक आहे, घेणाऱ्याच्या पशुवैद्याने घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यात ती उघडी पडू शकते, आणि अशा औषधाखाली घोडा अडखळून पडू शकतो. घेणारा आला की त्याच्यासमोर, आधी न फिरवलेल्या घोडीवर खोगीर चढू द्या. आधी तुमचा स्वार बसेल, मग त्यांचा. बंदिस्त रिंगण, हेल्मेट, टाचेचे बूट, याविना कुणालाही चढू देऊ नका. पहिल्या भेटीत चाल आणि दुडकीच. ‘उजवा कँटर करून बघतो’ म्हणाले तर तुमच्या नकारावर ठाम राहा. त्यांच्या शिकवणाऱ्यासोबत दुसऱ्यांदा आले, दोरीवर तिची उजवी बाजू बघितली, आणि मग त्यांनी ठरवलं तर ठीक. दुसऱ्यांदा या, असं स्वतःहून सुचवा. तपासणी त्यांच्या पशुवैद्याने करावी, तुमच्या नव्हे, आणि तुमच्याकडचा अहवाल त्याला आधीच पाठवा.

विक्रीचा कागद दोन पानांचा पुरतो. घोडीची ओळख: रंग, खुणा, पायांवरचा पांढरेपणा, मायक्रोचिप असेल तर तिचा 15 अंकी क्रमांक. किंमत, आगाऊ रक्कम, ती कोणत्या कारणाने परत मिळेल. तुम्ही सांगितलेले दोष एकेक ओळीत, खाली दोघांच्या सह्या. ही यादी तुमचंच रक्षण करते, म्हणून ती लांब झाली तरी घाबरू नका. आठवडा-दोन आठवडे ठेवून बघायची विनंती आली तर मी सरसकट नाही म्हणणार नाही, पण पूर्ण रक्कम जमा, त्या काळातली दुखापत किंवा मृत्यू कुणाच्या अंगावर, विमा कुणाचा, कोण बसेल, आणि परत आणण्याचा खर्च कुणाचा, हे आधी लिहून घ्या. त्यांना पुढे विकायची झाली तर आधी तुम्हाला विचारावं, असंही कलम घालता येतं. ते पाळलं जाईलच असं नाही, तरी घाला. तुमच्याकडचे घोडेविक्रीचे आणि वाहतुकीचे नियम, लसी, लागणारे दाखले पशुवैद्याला विचारून आधीच तयार ठेवा.

घोडी जाताना तिच्याबरोबर तिची वही द्या: धनुर्वाताची लस कधी झाली, जंताचं औषध कधी, नाल कधी बदलली, माजाच्या तारखा, कोणतं बिट, रोज काय आणि किती खाते. आठ-दहा दिवस पुरेल एवढा तिचा चारा आणि दाणा गाडीत टाका, म्हणजे तिथला चारा थोडा थोडा मिसळत वाढवता येईल. एकदम बदललं की पोट दुखतं. थांबायला, चालायला तुम्ही कोणते शब्द वापरता तेही त्या वहीत लिहा. पहिले चार-पाच दिवस पाठीवर बसू नका, हातात धरून आजूबाजू दाखवा, असं सांगा. आणि तीन आठवड्यांनी फोन करा. कशी आहे एवढंच विचारू नका. तंग आवळताना कान कुठे असतात, ते विचारा.